त्यांच्या चुकांचा ट्रे आणि तुमचा लेख

पत्राचा आशय : एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांचे हे पत्र आहे. ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि पुढे सतरा वर्षे ज्यांच्या शेजारी बसून त्यांनी निदानासाठी स्लाइड, म्हणजे रुग्णाच्या शरीरातल्या तुकड्याचा पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या पाहिल्या, ते ज्येष्ठ सहकारी दहा महिन्यांपूर्वी अल्पशा आजाराने गेले. पहिल्या स्मृतिदिनी विभागातर्फे एक स्मरणिका निघणार असून तिच्यातला मुख्य लेख पत्रलेखिकेने लिहावा, असे सर्वांनी ठरवले आहे. त्यांच्याकडून मात्र अजून एक ओळही लिहून झालेली नाही. इतरांचे आलेले लेख वाचून त्यांना वाटते, की यातले सर म्हणजे आपण पाहिलेले सर नव्हेत. सर मायाळू होते, तसेच तापटही होते. नवशिक्यांना चारचौघांत फाडून बोलत. पेशींमधली विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखणाऱ्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या, म्हणजे विभागात ज्यांना नुसते 'इम्युनो' म्हणतात त्या चाचण्यांना त्यांनी बरीच वर्षे विरोध केला आणि त्यामुळे विभाग मागे राहिला. हे लिहावे तर कृतघ्नपणा वाटतो आणि गाळावे तर खोटेपणा वाटतो. शिवाय नव्या विभागप्रमुखांनी सरांची रिपोर्ट लिहिण्याची पद्धत बदलायला घेतली आहे आणि सरांनी जन्मभर जमवलेले शिकवण्याच्या स्लाइडचे ट्रे जागा अडते म्हणून हलवायचे ठरवले आहे. पत्रलेखिका या दोन्हींना विरोध करत आहेत. पण तो विरोध कामाच्या हितासाठी आहे की सरांसाठी, हे त्यांचे त्यांनाच कळेनासे झाले आहे. त्यातच घरची माणसे म्हणतात, 'ते काही आपल्या नात्यातले नव्हते, अजून किती दिवस?' सरांची आठवण नेमकी कशी जपायची, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय डॉक्टर,

तुम्ही शेवटी लिहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती मधून दूर केल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांकडे तुम्हाला मोकळेपणाने पाहता येणार नाही. घरच्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नसावा. तुम्हाला सारखे उदास पाहून तेही हवालदिल झाले असतील. पण त्या वाक्याने तुम्हाला जे वाटले, तो अनुभव अनेकांचा आहे. अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाविषयी सविस्तर मांडणी केली, ज्याला समाज दुःख म्हणून मोजतच नाही. सहकारी, शेजारी, मित्र, पूर्वीचा जोडीदार अशांपैकी कोणी गेले, की उरलेल्या माणसाला सांत्वनाला कोणी येत नाही, रजा मिळत नाही आणि 'कसे आहात?' असे विचारले जात नाही. परिणामी दुःखाच्या जोडीला आपले दुःख अवाजवी आहे अशी लाजही येऊन बसते. तुमच्या पत्रात ही लाज जागोजागी दिसते. 'एवढे वाटायला नको होते,' असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. सतरा वर्षे रोज ज्या माणसाशेजारी बसून तुम्ही माणसांच्या जगण्यामरण्याचे निर्णय घेतलेत, तो माणूस गेल्यावर एवढे वाटायला नको, हे ठरवले कोणी? घरच्यांना वाद घालून हे पटवण्यापेक्षा सरांचे काम नेमके काय होते आणि तुमचा दिवस त्यांच्यामुळे कसा घडत होता, हे एकदा शांतपणे सांगून पाहा. पुष्कळदा घरच्यांना आपल्या कामाच्या ठिकाणचे आयुष्य ठाऊकच नसते, त्यामुळे आपण काय गमावले याचा अंदाज त्यांना येत नाही.

'आता यातून बाहेर पडायला हवे' या अपेक्षेमागे आणखी एक समजूत असते, ती म्हणजे दुःखाच्या ठरावीक पायऱ्या असतात आणि शेवटची पायरी ओलांडली की माणूस मोकळा होतो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था मुळात मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून आल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या पुढे सरसकट लावल्या गेल्या. नंतरच्या अभ्यासकांना वेगळे चित्र दिसले. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी दाखवून दिले, की गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडून टाकणे ही बरे होण्याची अट नाही. ते नाते रूप बदलून टिकते आणि त्यात काही गैर नाही. १९९९ मध्ये मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी म्हटले, की माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यात ये-जा करत राहतो आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत असते. तेव्हा सकाळी तुम्ही रिपोर्ट नीट लिहिता आणि संध्याकाळी सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून तुम्हाला भरून येते, यात विसंगती शोधू नका.

आता लेखाकडे येतो, कारण तुमच्या पत्राचा गाभा मला तिथेच दिसतो.

लेख लिहिता येत नाही याचे कारण तुम्ही स्वतःच्या मनःस्थितीत शोधत आहात. मला ते कारण लेखाच्या कल्पनेत दिसते. स्मृतिलेख म्हणजे गौरव, असे तुम्ही आणि बहुधा विभागातल्या सर्वांनीच गृहीत धरले आहे. मग ज्ञानतपस्वी, ऋषितुल्य, शिस्तप्रिय पण प्रेमळ अशी विशेषणे एकामागून एक येतात. ती खोटी असतात असे नाही, पण ती कोणत्याही ज्येष्ठ माणसाला लागू पडतात. त्यांच्यातून तुमचे सर दिसत नाहीत, म्हणून तुमची लेखणी अडते. ती अडली हे मला चांगले लक्षण वाटते.

आणि गंमत अशी, की जो लेख लिहिता येत नाही असे तुम्ही म्हणता, तो अर्धा तुम्ही मला लिहून पाठवला आहे. तुमच्या पत्राचे दुसरे पान पुन्हा वाचा. सर स्लाइड हातात घेऊन आधी ती उजेडाकडे धरत आणि नुसत्या डोळ्यांनी पाहत. मग दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा दुहेरी मायक्रोस्कोपवर ती ठेवून लो पॉवरवर सबंध तुकडा कडेकडेने फिरून येत. आणि तोवर तुमचा हात हाय पॉवरच्या भिंगाकडे गेला, की बोटांवर पेन्सिल टेकवून म्हणत, 'आधी गाव बघा, मग घर.' त्याच पानावर तळाशी, जणू काही महत्त्वाचे नाही अशा सुरात, तुम्ही लाल पट्टीच्या ट्रेविषयी लिहिले आहे. ज्या केसमध्ये सरांचे स्वतःचे पहिले निदान पुढे चुकीचे ठरले, तिची स्लाइड त्या ट्रेमध्ये जाई. सोबत चिठ्ठीवर तारीख, आधी काय म्हटले होते, नंतर काय निघाले आणि 'का चुकलो' याची एक ओळ असे. विभागात नवे विद्यार्थी आले, की सर पहिल्या दिवशी सर्वांत आधी हाच ट्रे काढून दाखवत.

डॉक्टर, ज्या माणसाने आपल्या चुका लेबल लावून, तारखेनिशी जपल्या आणि त्याच शिकवायला वापरल्या, त्याच्यावरचा लेख निर्दोष गौरवाचा कसा होईल? तसा लेख सरांनी स्वतः परत पाठवला असता, असे मला त्यांना न ओळखताही तुमच्या पत्रावरून वाटते.

अशा लेखाचे एक उदाहरण सांगतो. गणिती रामानुजन यांचे २६ एप्रिल १९२० रोजी निधन झाले. त्यांना केंब्रिजला बोलावून घेणाऱ्या आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. रामानुजन यांच्याशी आलेला संबंध हा आपल्या आयुष्यातला एक विलक्षण प्रसंग होता, असे मानणारा हा माणूस. तरीही रामानुजन यांच्या कामाविषयी लिहिताना त्यांनी उणिवा झाकल्या नाहीत. सिद्धता म्हणजे काय याची रामानुजन यांची कल्पना सुरुवातीला धूसर होती आणि अविभाज्य संख्यांविषयीची त्यांची काही विधाने चुकीची होती, हे त्यांनी सरळ मांडले. त्यामुळे रामानुजन लहान झाले नाहीत. त्यांची झेप कुठून होती हे वाचणाऱ्याला अधिक कळले. पुढची गोष्ट तुमच्या दृष्टीने जास्त उपयोगाची आहे. त्या पहिल्या लेखात हार्डी यांनी असे सुचवले होते, की रामानुजन यांना लहानपणीच रीतसर शिक्षण मिळाले असते तर ते मोठे गणिती झाले असते, पण त्यांचे वेगळेपण हरवून कदाचित लाभापेक्षा हानीच जास्त झाली असती. १९३६ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानात हार्डी यांनी हानीविषयीचे ते वाक्य निव्वळ भाबडेपणा होता असे म्हणून मागे घेतले. म्हणजे आपल्या माणसावरचा पहिला लेख हा शेवटचा शब्द नसतो. तो दहा वर्षांनी तुम्हाला बदलावासा वाटेल आणि बदलता येईल. स्मरणिकेच्या पानांत सतरा वर्षे पूर्ण मावली पाहिजेत, हे ओझे आत्ताच उतरवून ठेवा.

दोषांविषयी मात्र मी तुम्हाला 'सगळे लिहा' असा सल्ला देणार नाही. गेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, म्हणून लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते. सरांनी तुम्हाला विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टी, त्यांच्या आजारपणातली अगतिकता, कुणा तिसऱ्या माणसाविषयीची त्यांची मते, हे तुमच्यापाशीच राहू द्या. ज्या गोष्टी सर्वांसमोर घडल्या आणि ज्यांच्यामुळे त्यांचे काम समजायला मदत होते, त्या लिहाव्यात. त्यांचा राग या प्रकारात मोडतो. तो गाळला, तर ज्या मुलामुलींनी तो झेलला त्यांना स्मरणिका वाचताना वाटेल, की आपल्यावर जे बेतले ते घडलेच नव्हते. 'सरांच्या रागातही माया होती' असे लिहून त्याला गोड करणे तर त्याहून वाईट, कारण उद्याचा एखादा ज्येष्ठ त्याच वाक्याच्या आधाराने कुणाला तरी चारचौघांत रडवेल. विशेषण न लावता एक प्रसंग लिहा : काय झाले, कोण गप्प झाले, नंतर सर काय म्हणाले किंवा काहीच म्हणाले नाहीत. निष्कर्ष वाचणाऱ्यांवर सोडा. ज्या व्यक्तीच्या बाबतीत तो प्रसंग घडला, तिला आधी विचारा आणि तिची इच्छा नसेल तर दुसरा प्रसंग घ्या.

इम्युनोच्या विरोधाचेही तसेच आहे. सर जुन्या वळणाचे होते, असे एका ओळीत संपवू नका. त्यांना नेमकी कशाची भीती वाटत होती, ते आठवा. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेली स्लाइड नीट न पाहताच मुले चाचण्या मागवतील, ही ती भीती असेल तर ती निराधार नव्हती. इम्युनोचा निकाल मूळ स्लाइडवर दिसणाऱ्या रचनेशी ताडूनच वाचावा लागतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. त्याच वेळी त्यांच्या हट्टामुळे काही रुग्णांचे नमुने बाहेर पाठवावे लागले आणि निदानाला वेळ लागला, हेही तुम्हीच लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यात तडजोड घडवून आणू नका. कृतघ्नपणाची जी भीती तुम्हाला वाटते, ती खरे तर त्यांना दुरून पाहून मखरात बसवणाऱ्याला वाटायला हवी.

विभागातल्या बदलांविषयी बोलताना तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत. त्या सोडवून घ्याव्या लागतील.

रिपोर्टचा साचा बदलू द्या. सर लिहीत तसा सलग वर्णनाचा रिपोर्ट वाचायला सुंदर असतो, पण ठरावीक मुद्द्यांच्या तक्त्यामुळे गाठीचा आकार, कडा मोकळ्या आहेत की नाहीत, लसिकाग्रंथी किती तपासल्या यांसारखा आवश्यक तपशील सुटण्याचा धोका कमी होतो आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला तो पटकन सापडतो. रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर बदलाची बाजू बळकट आहे. सर असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न तुम्ही वारंवार विचारता. त्याचे उत्तर कोणापाशीच नाही आणि दर वेळी ते तुमच्या आजच्या मतासारखेच निघण्याची शक्यता मोठी आहे. त्याऐवजी सरांनी मला काय पाहायला शिकवले, हे विचारा. त्याचे उत्तर तुमच्याकडे आहे आणि ते कोणत्याही साच्यात उतरवता येते. तक्त्याखाली अभिप्रायासाठी मोकळी जागा ठेवावी, एवढा आग्रह जरूर धरा. जिथे शंका आहे तिथे ती स्पष्ट शब्दांत लिहावी, ही सरांची सवय तिथे चालू राहील.

ट्रेच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे आणि इथे मला पुन्हा रामानुजन यांच्या कागदांकडे जावे लागते. त्यांच्या शेवटच्या वर्षातले काम असलेली शंभराहून अधिक पाने पुढे गणिती जी. एन. वॉटसन यांच्याकडे पोहोचली. वॉटसन १९६५ मध्ये वारले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहायचा म्हणून गणिती जे. एम. व्हिटेकर त्यांच्या घरी गेले, तेव्हा एका खोलीच्या जमिनीवर सुमारे फूटभर उंचीचा कागदांचा थर पसरलेला होता आणि काही दिवसांतच तो सगळा जाळला जाणार होता. व्हिटेकर यांनी त्यात हात घालून जे काही बाहेर काढले, त्यात निव्वळ नशिबाने रामानुजन यांची पाने होती. रॉबर्ट रँकिन यांनी ती १९६८ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयाकडे पाठवली आणि १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना तिथे त्यांचे महत्त्व उमगले. त्यांच्यावर पुढे गणितज्ञांनी कित्येक वर्षे काम केले. मृत्युलेख लिहायला गेलेल्या एका माणसाने ढिगाऱ्यात वेळेवर हात घातला म्हणून हे वाचले. तुम्हीही आज तशाच एका ढिगाऱ्यापाशी उभ्या आहात, फक्त तुम्हाला नशिबावर विसंबण्याची गरज नाही.

म्हणून विभागप्रमुखांशी ट्रे ठेवायचे की हलवायचे, यावर वाद घालू नका. त्यांना ठरावीक मुदत मागा आणि त्या मुदतीत काय करणार, हे लिहून द्या. जागेची अडचण खरी आहे, हे आधी मान्य करा. पहिल्याच दिवशी प्रत्येक ट्रेचा आणि प्रत्येक चिठ्ठीचा फोटो घ्या, कारण स्लाइड फुटली तरी हस्ताक्षर उरेल. मग यादी करा : क्रमांक, निदान, वर्ष आणि मूळ तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक अजून उपलब्ध आहे की संपला. ज्यांचा ब्लॉक आहे, त्यांच्या नव्या स्लाइड कधीही कापता येतील. ज्यांचा नाही, त्या आधी सांभाळायला हव्यात. स्लाइडचे रंग प्रकाशाने फिके होतात, तेव्हा त्या अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा आणि शक्य असेल तर दुर्मीळ केस स्कॅनरवर चढवून घ्या. रुग्णांची नावे झाका, फक्त केस क्रमांक ठेवा आणि हे साहित्य कायद्याने संस्थेचे आहे की सरांच्या कुटुंबाचे, याचा खुलासा लेखी करून घ्या.

याहूनही निकडीचे काम दुसरे आहे. अमुक स्लाइड या ट्रेमध्ये का आहे, हे चिठ्ठीवर सगळे लिहिलेले नसते. ते तुमच्या आणि तुमच्यासारख्या आणखी तीन-चार जणांच्या डोक्यात असते. त्या सर्वांना दुहेरी मायक्रोस्कोपपाशी बसवा, एकेक स्लाइड लावा आणि सर तिच्याविषयी काय सांगत ते बोलत असताना ध्वनिमुद्रित करा. आठवणी जुळणार नाहीत, तिथे दोन्ही नोंदवा. लाल पट्टीच्या ट्रेपासून सुरुवात करा. माझे मत विचाराल तर तो ट्रे बंद करून काचेआड ठेवू नये. त्यात विभागातल्या इतरांच्याही चुकलेल्या निदानांच्या स्लाइड जमा होऊ द्याव्यात, अगदी नव्या विभागप्रमुखांच्यासुद्धा.

सरांच्या पत्नीला तुम्ही अजून भेटला नाहीत, 'काय बोलावे सुचत नाही' म्हणून, असे तुम्ही लिहिले आहे. भेटणे जड जात असेल तर पत्र लिहा. सांत्वनाची वाक्ये नकोत. त्यांना ठाऊक नसलेला कामावरचा एखादा प्रसंग लिहा. कुटुंबाने तो माणूस घरात पाहिलेला असतो, त्याचा निम्मा दिवस त्यांनी पाहिलेलाच नसतो, आणि तो दिवस त्यांना देऊ शकणारी तुम्हीच माणसे असता. उत्तराची अपेक्षा नाही, असे पत्रात स्पष्ट लिहा, म्हणजे त्यांच्यावर भार पडणार नाही.

हे वाचणाऱ्यांत असेही काही असतील, ज्यांचे गुरुस्थानी असलेले सहकारी त्यांचे श्रेय न देता किंवा अबोला धरून गेले आणि ज्यांना शोकाबरोबर रागही येतो. त्यांनी जाहीर लेखाची जबाबदारी आली तर ती नाकारावी, हे मी निःसंकोच सांगतो. स्वतःपुरते, कुणालाही न दाखवता लिहिणे मात्र त्यांनी सोडू नये. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, त्यांनी ते त्या माणसाच्या हाताखाली शिकलेल्या दुसऱ्या कुणापाशी बोलून दाखवावेत.

एक सूचना वैद्यकीय आहे आणि ती तुम्हालाही लागू आहे. पहिला स्मृतिदिन जवळ येताना दुःख पुन्हा उसळते, ते स्वाभाविक आहे. परंतु गेलेल्या माणसाची ओढ रोज, दिवसभर तितकीच तीव्र राहत असेल, कामात लक्ष लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवे. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हा आता स्वतंत्र विकार म्हणून मान्य झाला आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची. तुमच्या पत्रावरून मला तशी लक्षणे दिसली नाहीत, पण पत्रावरून निदान करू नये, हे तुम्हाला मी काय सांगावे.

स्मरणिकेला अजून वेळ आहे. या आठवड्यात फक्त दोन परिच्छेद लिहा, एक स्लाइड उजेडाकडे धरण्याचा आणि दुसरा लाल पट्टीच्या ट्रेचा. ते सरांशेजारी बसलेल्या एका तरी सहकाऱ्याला वाचायला द्या आणि 'हे आपले सर आहेत का?' एवढेच विचारा. उत्तर होकारार्थी आले, तर रागाचा प्रसंग आणि इम्युनोचा परिच्छेद त्यांना जोडा. लेख छोटा होईल, तर होऊ द्या. समारंभात तो स्वतः वाचणे जमणार नाही असे वाटत असेल, तर संयोजकांना आत्ताच कळवा आणि वाचण्यासाठी सरांच्या शेवटच्या तुकडीतल्या एखाद्या विद्यार्थ्याचे नाव सुचवा.

तुमचा,
सदरलेखक